त्रयोदशीची भरती, पावणेदहा

आमच्या केडगावात पडणारा पाऊस पूर्वेला वाहतो. तो सीनेत उतरतो, सीना भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. आम्ही दोघं आषाढात नेमके उलट निघालो. मित्र लग्नांचे फोटो काढतो. देवशयनी एकादशी झाली की मुहूर्त बंद, म्हणून कॅमेरा रिकामा आणि तोही रिकामा.

शिरूर, पुणे, मुळशी मागे पडली आणि ताम्हिणीत काचेपलीकडचं दिसेनासं झालं. आमच्याकडे वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पडला तरी लोक समाधानी असतात. श्रीवर्धनच्या पट्ट्यात हा आकडा तीन हजारांच्या पुढे जातो. माणगाव, म्हसळा, मग हरिहरेश्वर. थंडी म्हणाल तर पारा फारसा उतरत नाही. पण भिजलेल्या अंगाला समुद्रावरचा वारा लागला की दात वाजतात. स्वेटर घरी ठेवल्याबद्दल मित्रानं मला दोनदा ऐकवलं.

गाडीतल्या एसीतून कॅमेरा बाहेर काढताच भिंगावर वाफ धरली. अर्धा तास नुसतं थांबायचं. खानावळीच्या काकूंनी तेवढ्यात चहा दिला आणि विचारलं, "दादा, आज तिथी कोणती?"

त्रयोदशी.

"मग पावणेदहाला भरती. त्याच्या आत खाली उतरू नका, नंतरही नकोच."

हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. तेराची पाऊणपट पावणेदहा. वेळ रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, आणि पौर्णिमा जवळ आली की उधाण. मोबाइलमधल्या भरतीच्या तक्त्याशी काकूंचं उत्तर थोड्याच मिनिटांनी चुकलं.

देवळामागच्या टेकडीवरून खडकाच्या खिंडीत पायऱ्या उतरतात. खाली प्रदक्षिणेचा मार्ग आहे, लाटांनी कापून सपाट केलेल्या कातळावरून. ओहोटीला चालायचा. पावसाळ्यात या कातळानं माणसं नेली आहेत. आम्ही वरच थांबलो. कड्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं पडली आहेत: खारं पाणी दगडाच्या छिद्रांत वाळतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचा कण न् कण सुटा करतात. केडगावात विहीर खणताना जो काळा पाषाण कुदळीला दाद देत नाही, त्याचाच हा भाऊ.

मित्रानं आधी प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लावून दोन सेकंदांचा फोटो घेतला. पाणी दुधासारखं गुळगुळीत आलं. मला तो फोटो अजिबात पटला नाही. आषाढातला समुद्र असा नसतोच. तो गढूळ, तांबूस असतो, कारण शेजारीच सावित्रीचं मुख आहे. महाबळेश्वरात उगम पावून पोलादपूर, महाड करत आलेली ही नदी डोंगराची माती घेऊन येते. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री हिच्याच पुरानं महाडजवळचा जुना दगडी पूल नेला. त्या पाण्याला दुधाचा रंग कसा द्यायचा?

मग त्यानं फिल्टर काढला, आयएसओ ३२०० केला, वेग एक हजारांश सेकंद. वारा ट्रायपॉड हलवत होता, म्हणून कॅमेरा हातात. दर तिसऱ्या फोटोला भिंगावर खारे शिंतोडे. ते कोरड्या फडक्यानं पुसले तर काच खरवडते. आधी गोड्या पाण्याचा बोळा, मग सुती पंचा. छत्री मी धरली होती, ती पाच मिनिटांत उलटी झाली.

पावणेदहाला लाट कड्यावर आदळली आणि खिंडीतून वर उसळली. तिचा प्रत्येक थेंब सुटा आला, आणि प्रत्येक थेंब मातीच्या रंगाचा.

परतताना किनाऱ्यावर होड्या झापांखाली झाकलेल्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. वाड्यांत मधूनच कोवळ्या पोफळी दिसत होत्या. ३ जून २०२०च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळानं जुन्या आडव्या केल्या, आणि पोफळ फळाला यायला पाच-सहा वर्षं घेते.

केडगावात पाऊस नव्हता. बाजरी पेरून बसलेल्या शेजारच्या आबांना मित्रानं तो फोटो दाखवला. आबांनी मोबाइल लांब धरून पाहिला.

"कुठल्या ओढ्याला एवढा पूर आलाय रं?"