लाडघरचे गोटे आणि अम्मीची चाल

चिमूरच्या माणसाला समुद्र म्हणजे नकाशातला निळा रंग. आमच्याकडं उमा नदी आहे, मामा तलाव आहेत, कोलारा गेटातून आत शिरलं की ताडोबाचं जंगल आहे. अरबी समुद्र मात्र सरळ रेषेत मोजला तरी सातशे किलोमीटरच्या घरात. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कोकणात निघालो तेव्हा मोहल्ल्यात ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच प्रश्न, "काऊन जी, एवढ्या लांब?"

कारण अम्मी. हजच्या कुर्‍यात यंदा तिचं आणि मोठ्या भाईजानचं नाव निघालं. पहिला हप्ता भरला, घरोघरी मिठाई गेली, आणि मग एकेकाला काळजी लागली. अम्मीचं वय ६८. दोन्ही गुडघे दुखतात, नमाज खुर्चीवर बसून होते. सफा आणि मरवाच्या मधल्या सात फेऱ्याच तीन किलोमीटरहून जास्त भरतात. मीना, अरफात, मुज्दलिफा, जमरात हे सगळं वेगळं. दुसरा हप्ता भरायचा की नाव मागं घ्यायचं, हे तिच्यासमोर कोणी बोलत नव्हतं. पण ती काही कमी हुशार नाही. एक दिवस म्हणाली, "माझे नाना ज्या समुद्रावरून गेले, तो मला आधी दाखवा. मग काय ते ठरवू."

तिचे नाना चिमूरहून बैलगाडीने वरोऱ्याला, तिथून आगगाडीने मुंबईला, मुसाफिरखान्यात मुक्काम आणि पुढं जहाजाने जेद्दाह असे गेले होते. परत येईपर्यंत घरच्यांना खबर नाही. मुंबई-जेद्दाह जहाज १९९५ पर्यंत चालू होतं. 'अकबरी' हे त्यातलं शेवटचं. आता नागपूरहून विमान उडतं आणि हाजी काही तासांत उतरतो. समुद्र खाली कुठंतरी ढगांखाली राहतो.

प्रवासाचं थोडक्यात सांगतो. चिमूरहून नागपूरपर्यंत एसटी, विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई, पुढं कोकण रेल्वेने खेड, आणि खेडहून घाटवळणाच्या रस्त्याने दापोली. दोन रात्री आणि एक दिवस त्यात जातो. सोबत म्हातारं माणूस असेल तर मुंबईत एक दिवस थांबावं, आम्ही थांबलो.

दापोली डोंगरमाथ्यावर वसलेली आहे. इंग्रजांनी तिथं छावणी केली म्हणून जुनी माणसं आजही 'कॅम्प दापोली' म्हणतात. कोकण कृषी विद्यापीठ इथलंच, १९७२ सालचं. धाकट्याच्या एका मित्राचं घर जवळच्या गावात आहे, तिथं आमचा मुक्काम होता. खरं सांगायचं तर या घराने आम्हाला समुद्राइतकंच चकित केलं. आम्ही चिमूरचे मुसलमान घरात हिंदी-उर्दूची खिचडी बोलतो आणि बाहेर मराठी. इथं चूल, पाळणा, भांडण, सगळं कोकणीत, म्हणजे मराठीच्याच सख्ख्या बहिणीत. मित्राची आई अम्मीशी कोकणीत बोलायची आणि अम्मी तिला आमच्या नागपुरी ढंगात उत्तर द्यायची. "मी येऊनच राहिली" म्हटलं की सुना तोंडाला पदर लावून हसायच्या. राहून काय राहिली, येते तर आहे!

दुसरा फरक ताटात कळला. कोकणी मुसलमान शाफई, आम्ही हनफी. त्यांना समुद्रातलं सगळं चालतं, आपल्याकडं मासळीपुरतंच. त्या माउलीने आधीच विचारून घेतलं होतं. घरच्यांसाठी कुर्ल्यांचं कालवण आणि आमच्यासाठी वेगळा सुरमईचा रस्सा, सोबत तांदळाची भाकरी. कोणी कोणाला मसला शिकवला नाही, सगळे पोटभर जेवले. असरची अजान आमच्या सवयीपेक्षा पाऊण-एक तास आधी झाली तेव्हा मात्र मुलं घड्याळ बघत राहिली.

गावात कुलपं पुष्कळ. जांभ्या दगडाची मोठी घरं, व्हरांड्यात झोपाळा, आणि दाराला कुलूप. माणसं कुवेतला, दुबईला, कतारला. मित्राच्या आईचे दोन मुलगे तिकडंच. ती म्हणाली, "समुद्रापलीकडं आमचं अर्धं गाव आहे."

पहिल्या दिवशी आम्ही दाभोळला गेलो. वाशिष्ठीच्या खाडीच्या मुखावरचं हे बंदर एके काळी बहमनी आणि आदिलशाही राज्याचं मोठं दार होतं. घोडे इथं उतरत, कापड इथून जाई, आणि दख्खनचे हाजी इथून जहाजात बसत. बहमनी सल्तनतीचा पुढं नामांकित वजीर झालेला महमूद गावान इराणहून आला तो व्यापारी म्हणून, आणि त्याचं पहिलं पाऊल दाभोळलाच पडलं. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीजांनी हे शहर जाळलं. आज खाडीकाठी शांत गाव आहे, पलीकडं धोपाव्याला जाणारी फेरीबोट आहे, आणि पाण्यालगत आदिलशाही काळातली शाही मस्जिद आहे: मोठा घुमट, चार कोपऱ्यांना चार मिनार. तिला कोणी अंडा मस्जिद म्हणतं, कोणी माँसाहेबांची मस्जिद. सांगतात ते असं, की विजापूरची शहजादी आयेशाबीबी हजला निघाली, दाभोळपर्यंत आली आणि समुद्र खवळलेला असल्याने पुढं जाऊ शकली नाही. हजसाठी आणलेला खजिना तिने या मस्जिदीवर खर्च केला. किस्सा आहे, कागदाचा पुरावा मागू नये. पण भाईजानने तो अम्मीसमोर मोठ्याने सांगितला तेव्हा आम्हा बाकीच्यांना वाटलं, आज नको होता सांगायला. अम्मी मस्जिदीच्या पायरीवर बसून बराच वेळ खाडीकडं बघत होती. मग म्हणाली, "बिचारी. इथवर आली." एवढंच.

दुसऱ्या दिवशी लाडघर.

दापोलीहून बुरोंडीच्या बाजूला रस्ता निघतो. वर माथ्यावर काजू, आंबा आणि जांभ्याचा लाल कातळ. मग एकदम उतार लागतो. वळणावर समोर आकाश आणि खाली निळं पाणी दिसतं, आणि रिक्षावाला ब्रेकवर उभाच असतो म्हणा. रिक्षा थेट खाली जाते. पण शेवटच्या उतारावर अम्मीने त्याला थांबवलं. "मी चालत जाते. वर पण चालत येईन." आम्ही एकमेकांकडं पाहिलं. कोणी काही बोललं नाही. रिक्षा रिकामी खाली गेली आणि आम्ही सगळे अम्मीच्या चालीने उतरू लागलो. उतारावर गुडघ्याला चढापेक्षा जास्त त्रास होतो. अम्मी तिरकी पावलं टाकत, नातीच्या खांद्यावर हात ठेवून उतरली.

लाडघरचा किनारा काही भागात वाळूचा आहे. पण खरी ओळख तामसतीर्थाच्या बाजूच्या गोट्यांची. तिथलं पाणी तांबूस दिसतं म्हणून तामसतीर्थ. वरचे डोंगर जांभ्याचे, त्यांची लाल माती आणि दगड पावसाबरोबर खाली येतात. गोटे बघत बसलो तर वेळ कसा गेला कळलं नाही. लाल-तपकिरी ते जांभ्याचे, काळे ते सह्याद्रीच्या बेसाल्टचे, आणि मध्ये मध्ये पांढऱ्या, दुधी गारगोट्या. सह्याद्रीचा हा काळा खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा; लाव्हा थंड होताना त्यात हवेची पोकळी राहिली आणि तिच्यात पुढं गारगोटी, अकीक असे दगड धरले. अंगठीतला अकीक आपण सगळ्यांनी पाहिलाय, त्याचं माहेर असल्याच खडकात. खडक झिजला की गारा सुटतात आणि समुद्र त्यांना एकमेकांवर घासून गुळगुळीत करतो. उमा नदीतही गोटे असतात, पण आमची नदी वर्षातले चार महिने घासते. इथं बारा महिने काम चालू.

आवाजाचं सांगायला हवं. वाळूवर लाट येते तशी निमूट जाते. गोट्यांवरून परतताना ती हजार गोटे सोबत ओढते आणि कोणी पोतंभर चणे तांब्याच्या परातीत ओतावेत तसा आवाज येतो. मुलांनी पाण्यात जायचा हट्ट केला, पण इथं पाण्याकडं जाणारा उतार उभा असतो, पायाखालचा गोटा सरकतो आणि परतणारी लाट ओढून नेते. मुलांना गुडघाभर पाण्यातही सोडू नये. पोहायची हौस असेल तर स्थानिकांना विचारून वाळूच्या बाजूला.

आणि वारा! दुपारनंतर समुद्राकडून असा सुटला की बायकांचे दुपट्टे सांभाळता सांभाळता पुरेवाट. बोलायचं तर कानाशी ओरडून. आमच्याकडं वारा म्हणजे मे महिन्यातली लू, अंग भाजणारी. हा वारा ओला, ओठावर मीठ ठेवून जाणारा.

असरसाठी चादर अंथरली तर ती पतंगासारखी उडाली. शेवटी चार कोपऱ्यांवर चार मोठे गोटे ठेवले. मुसाफिराची दोन रकात नमाज. कपाळाला खालचे गोटे लागत होते. अम्मीची खुर्ची वर राहिली होती, म्हणून ती जांभ्याच्या एका सपाट दगडावर बसली. चिमूरला किबला म्हणजे मस्जिदीची भिंत, तिच्यामागं दुकान, दुकानामागं रस्ता. इथं किबला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडं, आणि त्या दिशेला पाण्याशिवाय काही नाही. नाकासमोर सरळ पश्चिमेला गेलं तर ओमानचा किनारा लागतो. सलाम फेरल्यावर अम्मी उठलीच नाही. दुआ किती लांबली ते आम्ही मोजलं नाही.

मग नातवंडांना तिने कामाला लावलं. मुलं हाताच्या मुठीएवढे गोटे आणत होती. "एवढे नाही. हरभऱ्याएवढे." मुज्दलिफाला रात्री जमरातसाठी खडे वेचतात ते तेवढेच असतात, हे तिने त्यांना सांगितलं. पहिल्या दिवशी सात, पुढचे दोन दिवस एकवीस-एकवीस, मिळून ४९. चौथ्या दिवशी थांबलं तर ७०. इतके बारीक गोटे शोधायला मुलांना वाकून वाकून घाम फुटला. अम्मीही वाकली. सात वेळा, आम्ही मोजलं. परत निघताना तिने सगळे खडे तिथंच ओतायला लावले आणि प्रत्येकाला एकच घरी न्यायची परवानगी दिली.

चढायला चाळीस मिनिटं लागली. रिक्षा मागून हळूहळू येत होती, वाट बघत. अम्मी पाच वेळा थांबली. चौथ्यांदा थांबली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि भाईजान रिक्षाकडं हात करणार तेवढ्यात ती म्हणाली, "पाणी दे, गाडी नको." माथ्यावर पोचल्यावर मात्र रिक्षात अशी बसली की दापोलीपर्यंत बोलली नाही.

रात्री गुडघे सुजले. घरून आणलेलं मोहाच्या बियांचं तेल गरम करून चोळलं, मित्राच्या आईने मिठाच्या पाण्याचा शेक दिला. ती बाई दहा वर्षांपूर्वी हज करून आलेली. तिने सांगितलं की सईला खुर्ची मिळते, ढकलणारा माणूस मिळतो, तिने स्वतः शेवटच्या तीन फेऱ्या खुर्चीवर केल्या. अम्मीने विचारलं, "आणि पहिल्या चार?" "पायाने." अम्मीने मान हलवली. भाईजानने तिथंच मोबाईलवर दुसऱ्या हप्त्याची शेवटची तारीख पाहिली आणि कॅलेंडरवर खूण केली. कोणी चर्चा केली नाही.

निघायच्या दिवशी अम्मी सकाळीच तयार होऊन बसली. आम्हाला वाटलं काजू घ्यायचे असतील. दापोलीच्या बाजारात ती सरळ चपलांच्या दुकानात शिरली आणि कापडी बूट मागितले. सहा नंबर पायात बरोबर बसत होता. तिने सात घेतला. दुकानदार म्हणाला, "आजी, मोठा होतोय."

"पाय सुजतात ना तिथं," ती म्हणाली आणि बटव्यातून पैसे काढले.