कानाची काटकसर

एस.टी. स्थानकावर गाड्यांच्या वेळांची पाटी लावलेली असते. डोळस प्रवासी तिच्यावरून नजर फिरवितो आणि आपली गाडी केव्हा आहे ते क्षणात हेरतो. मला ती पाटी कोणाकडून तरी वाचून घ्यावी लागते, आणि वाचणारा सज्जन पहिल्या ओळीपासून प्रारंभ करतो. करमाळा, बीड, बार्शी असे करीत तो अहिल्यानगरपर्यंत, म्हणजे आम्हां जामखेडकरांच्या तोंडी अजून असलेल्या ‘नगर’पर्यंत, येतो तोवर गाडी सुटलेलीही असते! डोळा हवी तेथे उडी मारतो. कानाला मात्र एकामागून एक शब्द घेतच चालावे लागते. मी जन्मापासून अंध आहे आणि संगणकाच्या आज्ञावली लिहिणे हा माझा व्यवसाय आहे. त्यामुळे डोळा व कान ह्यांतील हा भेद मला रोज अनुभवावा लागतो.

पडद्यावरील अक्षरे बोलून दाखविणारी एक आज्ञावली असते. तिला स्क्रीन रीडर म्हणतात. मायकेल करन ह्या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने २००६ साली एनव्हीडीए नावाचा असा स्क्रीन रीडर करावयास घेतला. जेम्स तेह हा त्याचा अंध मित्र त्याला येऊन मिळाला, आणि दोघांनी तो जगाला विनामूल्य दिला. माझे बहुतेक काम टर्मिनलमध्ये चालते. टर्मिनल म्हणजे एक साधी खिडकी. तेथे चित्रे नाहीत, माऊसची धावपळ नाही. आपण आज्ञा टंकित करावयाची आणि संगणकाने शब्दांनी उत्तर द्यावयाचे.

दर उन्हाळ्यात माझ्याकडे एक आवडीचे काम येते. काही वाचकमित्र अंध मुलांसाठी शाळेची पुस्तके मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करतात. कोणाचा आवाज दबका, कोणाचा खणखणीत. फाईलींची नावे तर ज्याच्या मनाला येईल तशी. चोवीस पाठांचे पुस्तक, प्रत्येक पाठाचे तीन भाग, म्हणजे ७२ फाईली झाल्या. प्रत्येकीचे नाव बदलणे, आवाज सारखा करणे, ती योग्य जागी ठेवणे आणि नीट पोहोचली का ते पाहणे, अशा चार आज्ञा. एका पुस्तकाला २८८ आज्ञा! जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी पुस्तक मुलांच्या हाती पडावयास हवे, नाहीतर डोळस सोबती दुसऱ्या पाठावर असताना ती पहिल्याची वाट पाहत बसतात.

आज्ञा लिहिण्याचा मला कंटाळा नाही. बोटे वेगाने चालतात. कष्ट होतात ते उत्तरे ऐकण्याचे. आवाज सारखा करणारी एफएफएमपेग ही आज्ञा मोठी गुणी, पण फार बोलकी आहे. काम सुरू करण्यापूर्वी ती आपली आवृत्ती, आपली घडण, आपले सारे गणगोत सांगून टाकते. डोळस मनुष्य ते न वाचता पुढे जाईल. मला ते बहात्तर वेळा ऐकावे लागेल किंवा बहात्तर वेळा थांबवावे लागेल. म्हणून मी ह्या साऱ्या आज्ञा एकदाच एका फाईलीत क्रमाने लिहून ठेवल्या. अशा फाईलीला स्क्रिप्ट म्हणतात. तिचे नाव उच्चारले, म्हणजे टंकित केले, की ती एकेक फाईल उचलून चारही कामे करते आणि चूक घडली तरच तोंड उघडते.

येथे एक नवीच अडचण उभी राहिली. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्सन व डेनिस रिची ह्यांनी ज्या युनिक्स प्रणालीचा आरंभ केला, तिच्यातील बहुतेक आज्ञा काम बिनबोभाट झाले की गप्प राहतात. रीत चांगली आहे. परंतु अंधाला ही शांतता कशी कळावी? काम चालू आहे, की संपले, की संगणकच बंद पडला? “मामा, तो गप्प का बसलाय?” असे माझा भाचाही विचारी.

ह्यावरील उपाय मला पुण्यात वाढलेल्या एका संशोधकाच्या कामात सापडला. टी. व्ही. रामन ह्यांची दृष्टी चौदाव्या वर्षी काचबिंदूने गेली. इतरांकडून पुस्तके वाचून घेत ते गणित शिकले, मुंबईच्या आय.आय.टी.त गेले आणि पुढे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे डॉक्टर झाले. १९९५ साली त्यांनी ‘ईमॅकस्पीक’ ही बोलणारी प्रणाली प्रसिद्ध केली. ती पडद्यावरील अक्षरे नुसती वाचीत नाही. निरनिराळ्या मजकुराला निरनिराळा स्वर देते आणि जेथे वाक्याची गरज नाही तेथे एक लहानसा नाद करते. मीही तेच केले. आता एक फाईल झाली की ‘टक्’ असा आवाज होतो, सारे संपले की घंटी वाजते. बहात्तर टकटकी ऐकत मी निवांत चहा पितो.

स्क्रिप्टवर आंधळा विश्वास ठेवू नये, हे अंधानेच सांगितलेले बरे. चुकीचे काम सांगितले तर ती तेही बहात्तर वेळा मनोभावे करील! म्हणून प्रथम मी प्रत्येक आज्ञेच्या आधी ‘एको’ हा शब्द घालतो. एको म्हणजे प्रतिध्वनी. मग संगणक काही करीत नाही. काय करणार होता तेवढे सांगतो. शिवाय वीज केव्हा जाईल ह्याचा नेम नसतो. त्यासाठी फाईल पुरी होईपर्यंत तिला कच्चे नाव आणि झाल्यावर पक्के नाव, अशी योजना आहे. वीज आल्यावर स्क्रिप्ट पक्क्या नावांना हात लावीत नाही.

एक काम मात्र मी स्क्रिप्टकडे दिलेले नाही. पान सुटले का, शब्द चुकला का, हे पाहण्यासाठी सारे पाठ मी स्वतः ऐकतो. वाचलेले कान तेथे खर्च करतो. एकदा अहिल्याबाई होळकरांचा पाठ आला होता. त्यांचे जन्मगाव चौंडी आमच्याच तालुक्यात, म्हणून मी जरा अधिक लक्ष देऊन ऐकत होतो. वाचणाऱ्या बाईंच्या मागे, बहुधा खिडकीबाहेरच्या झाडावर, एक कोकीळ सारखा ओरडत होता. बाई दोनदा थांबल्या, हसल्या आणि पुढे वाचू लागल्या. ते हसू आणि तो कोकीळ मी तसेच राहू दिले.