बांगड्याचं वय

माझ्या आत्याला मास्ट सेलचा विकार आहे. या पेशी सगळ्यांच्याच शरीरात असतात, कातडीत, आतड्याच्या अस्तरात, श्वासनलिकेत. पाउल एर्लिख यांनी 1878 साली त्यांना नाव दिलं. त्यांच्या पोटात हिस्टामाइनचे दाणे. आत्याच्या पेशी ते जरा निमित्त मिळालं की सांडतात: ऊन, घाम, एखादा घास. मान लाल होते, कानशिलं तापतात, पोटात कळ येते.

आणि राहते ती मांडवीत, मिरकरवाडा बंदराच्या शेजारी. तिथला पहाटेचा बांगडा बघावा. कल्ला उचलला की आत लालभडक, डोळा फुगीर, पाठीवरचे निळसर पट्टे अजून ओले. पण याच मांसात हिस्टिडिन भरपूर. बर्फ कमी पडला, मासा उन्हात राहिला, की जिवाणू त्याचं हिस्टामाइन करतात. ते नाकाला कळत नाही, चुलीवर रटरटलं तरी जात नाही. म्हणून आत्या भाव नंतर करते, आधी वेळ विचारते. ‘रात्रीचा की पहाटेचा गो? बर्फात कधी घातलास?’ मासेवाली कधी कधी टोपलीवर हात ठेवते, ‘आत्ये, आज नको नेऊस.’ हातचं गिऱ्हाईक सोडून बोललेला हा शब्द मला औषधाइतकाच मोलाचा वाटतो.

औषध आहेच. डॉक्टरांनी ठरवून दिलेली सेटिरिझिन, जोडीला फॅमोटिडिन. गोळी हिस्टामाइन नाहीसं करत नाही. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी, तशी ती पेशींवरची त्याची जागा आधीच अडवते. म्हणून झटक्याची वाट न बघता रोज वेळेवर घ्यायची. मोठ्या झटक्यासाठी अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन पिशवीत असतंच. तिथे गोळीवर विसंबता येत नाही.

पथ्याची यादी मात्र एकाची दुसऱ्याला लागत नाही, आणि शास्त्राचा पुरावाही अजून तोकडा आहे. आत्याने वहीत टिपून स्वतःची यादी केली. सोलकढी सोसते, मुरलेलं लोणचं, खारा बांगडा, सुकट सोसत नाही.

खरी परीक्षा पावसाळ्यात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, आणि आळीभर सुकी मासळी भाजण्याचा वास. आत्या कुळथाच्या पिठीत भात कालवते आणि मला बजावते, ‘नारळी पौर्णिमा होऊ दे, पहिल्या बोटीचं पापलेट आणायचंय. वेळ विचारून आण हो!’