रेवडीच्या कुस्तीपासून

मराठवाड्यातल्या जत्रेत कुस्त्यांचा फड दुपारी भरतो आणि शेवटची कुस्ती लागते ती दिवस मावळताना. शेवटच्या कुस्तीचा फ्लेक्स आठ दिवस आधीच चौकात लागलेला असतो. दोन्ही पैलवानांचे फोटो, इनामाचा आकडा, देणगीदारांची नावं, सगळं त्यावर असतं. दुपारच्या कुस्त्यांना फ्लेक्स नसतो. सात-आठ वर्षांची पोरं लंगोट सावरत मातीत उतरतात, पंच अंगकाठी बघून जोड लावतात आणि जिंकणाऱ्याच्या ओंजळीत रेवड्या पडतात. मग नारळाच्या कुस्त्या, मग दहा-वीस रुपयांच्या, मग शंभराच्या, मग हजारांच्या. हलगी तापत जाते तसं इनाम चढतं आणि पैलवानांचं वजनही.

नांदेडचे अण्णा शेवटच्या कुस्तीला बऱ्याचदा थांबतच नाहीत. एसटीत कंडक्टरकी करून निवृत्त झालेला हा माणूस रेवडीच्या कुस्तीला सगळ्यांत आधी हजर असतो. पुढं बसतो, खिशातून वही काढतो आणि शेजारच्याला विचारतो, ‘‘ते निळ्या लंगोटीचं पोरगं कुणाचं हो? बघायलाव ना, पाय सोडंना गेलंय.’’ नाव, गाव, बापाचा धंदा, वस्ताद कोण, एवढं वहीत उतरतं. पुढच्या वर्षी त्याच नावापुढं नवी ओळ येते. कधी येत नाही.

हे वेड लागलं ते निलंगा तालुक्यातल्या एका नावामुळं. रामलिंग मुदगडचा हरिश्चंद्र बिराजदार. अण्णांचं बालपण त्याच भागातलं. लातूर जिल्हा 1982 मध्ये झाला. त्याआधी निलंगा उस्मानाबाद जिल्ह्यात होता. त्या कोपऱ्यातल्या खेड्यातून निघालेला पैलवान 1969 मध्ये महाराष्ट्र केसरी झाला आणि पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेतून सुवर्णपदक घेऊन आला. अण्णा तेव्हा शाळेत होते. एडिंबरो कुठं आहे हे गुरुजींनी नकाशावर दाखवलं, पण मुदगड कुठं आहे हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. 1977 मध्ये बेळगावच्या मैदानात बिराजदारांनी दिल्लीच्या सतपालला हरवलं, तेव्हा निलंग्याच्या बाजारात पेढे वाटले गेल्याचं अण्णा अजून सांगतात.

अण्णांच्या डोक्यात मात्र वेगळाच किडा वळवळला. बिराजदार मोठे झाल्यावर सगळ्यांनाच दिसले. पण दहाव्या वर्षी ते कुण्या जत्रेत नारळासाठी लढत असतील, तेव्हा त्यांना कुणी ओळखलं असेल का? आज तसाच एखादा पोरगा कुठल्या मातीत लोळत असेल? पुढची सगळी हयात या प्रश्नामागं गेली.

नोकरीनं सोय करून दिली. नांदेड–लातूर ही गाडी म्हणजे कुस्तीच्या शौकिनाला मिळालेली बक्षिसीच. लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर, लातूर. रस्त्यावरच्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येच्या सुमारास. घोड्यांचा, उंटांचा, गाढवांचा बाजार, लावणी महोत्सव आणि कुस्त्यांची दंगल. लातूरला महाशिवरात्रीला सिद्धेश्वराची यात्रा, तिथंही कुस्त्या. मधल्या गावांच्या जत्रा वेगळ्याच. गाडीत चढणाऱ्या पोरांचे कान बघितले की अण्णांना कळायचं. कान मोडलेला, मान भरलेली, हातात तुपाची बरणी आणि पिशवीत लंगोट. तिकीट फाडता फाडता चौकशी व्हायची. ‘‘कुठल्या तालमीत हाईस? वजन किती? कोल्हापूरला जायलास का पुण्याला?’’

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. कारण नांदेड-लातूरचा पोरगा मोठा पैलवान व्हायचा म्हणजे त्याला गाव सोडावंच लागे. कोल्हापूरला शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, 1912 मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं, आणि गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींकडं साऱ्या महाराष्ट्राची पोरं ओढली गेली. नंतर पुण्याचं वजन वाढलं. बिराजदार स्वतः पुढं पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले आणि मराठवाड्यातून जाणाऱ्या पोरांना तिथं आपल्या बोलीत रागावणारा माणूस मिळाला. लातूरच्याच मातीतले काका पवार ग्रीको-रोमनमध्ये देशासाठी खेळले, 1998 चा अर्जुन पुरस्कार मिळवला आणि पुण्यात कात्रजजवळ त्यांनी स्वतःचं कुस्ती संकुल उभं केलं.

अण्णांसारखी माणसं जगात इतरत्रही आहेत. अमेरिकेत बेसबॉलच्या प्रत्येक बड्या संघाखाली छोट्या संघांची उतरंड असते. सेंट लुईस कार्डिनल्सच्या ब्रँच रिकी या व्यवस्थापकानं गेल्या शतकात विशी-तिशीच्या दशकांत ती पद्धत बसवली. आज 30 मोठे संघ आणि त्यांना जोडलेले, चार पायऱ्यांवर विभागलेले 120 छोटे संघ आहेत. शेकडो पोरं त्या पायऱ्या चढतात, बहुतेक मधेच थांबतात. तरी छोट्या गावांतल्या मैदानांवर बसून ‘हा वर जाणार’ म्हणत त्यांच्यावर नजर ठेवणारे शौकीन आहेत. 2008 मध्ये उत्तर प्रदेशातले रिंकू सिंह आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू एका टीव्ही स्पर्धेतून निवडले जाऊन पिट्सबर्ग पायरेट्सच्या या उतरंडीत दाखल झाले. रिंकू तिथं काही वर्षं टिकला, मोठ्या संघापर्यंत पोचला नाही, आणि 2018 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीत गेला. अण्णांना हा किस्सा कुणी सांगितला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘मग खुराक कुणी दिला त्याला?’’

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बेसबॉलच्या उतरंडीत पोराला पगार मिळतो. तो तुटपुंजा होता, म्हणून 2022 मध्ये तिथले छोट्या संघांतले खेळाडू संघटनेत गेले आणि 2023 मध्ये त्यांचा पहिला सामूहिक करार झाला. पण देणारा संघ असतो. इथं तालमीत राहणाऱ्या पोराचा खर्च बाप करतो. दूध, तूप, बदाम, थंडाई, मटण, मेसचे पैसे, आणि वर पोरगा शेतात कामाला नाही ही खोट. सोयाबीनचा भाव पडला की तालमीतून परत आलेल्या पोरांची संख्या वाढते, हे अण्णांना कुठल्या अहवालातून कळलेलं नाही. परतीच्या गाडीत ती पोरं त्यांनीच आणलेली आहेत.

2016 चा उन्हाळा त्यांना या हिशेबानं आठवतो. लातूरला पाणी नव्हतं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ‘जलदूत’ नावाच्या गाडीनं. ज्या मुलखाकडं इथली पोरं कुस्तीसाठी जात, तिकडून आता इथं पाणी येत होतं. दावणीला जनावर राहिलं नाही तिथं पैलवानाला दूध कुठून? त्या वर्षीच्या वहीत कोऱ्या जागा बऱ्याच आहेत.

आणि तरीही त्याच वर्षी अण्णांचं लक्ष एका नावावर खिळलेलं होतं. राहुल आवारे. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा, पैलवान बापाचा मुलगा. लहानपणीच बिराजदारांच्या हाताखाली गेला. 2008 मध्ये पुण्याला राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, त्यात त्यानं सुवर्ण घेतलं. 2011 मध्ये बिराजदार गेले. काका पवारांनी त्याला आपल्याकडं घेतलं. लातूरच्या एका पैलवानानं घडवायला घेतलेला पोरगा लातूरच्याच दुसऱ्या पैलवानानं पुढं नेला. पण रिओ ऑलिंपिकला 57 किलो गटातून संदीप तोमर गेला आणि राहुल घरी राहिला. अशा वेळी चाहते पांगतात. अण्णा पांगले नाहीत. 2018 मध्ये गोल्ड कोस्टला राहुलनं अंतिम कुस्तीत कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला 15–7 असं हरवून राष्ट्रकुल सुवर्ण जिंकलं आणि ते आपल्या गेलेल्या वस्तादांना अर्पण केलं. एडिंबरोनंतर 48 वर्षांनी शिष्यानंही तेच पदक आणलं होतं.

पुढच्याच वर्षी कझाकस्तानात नूर-सुलतानला जागतिक स्पर्धा झाली. 61 किलो गटात राहुलला कांस्य मिळालं, 57 किलोत रवी दहियाला. रवी दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियमचा, म्हणजे सतपालच्या तालमीचा. सुशील कुमार आणि योगेश्वर दत्त तिथलेच. बेळगावच्या मातीत 1977 मध्ये भिडलेल्या दोन पैलवानांची रोपं एकाच स्पर्धेत, एकाच रंगाचं पदक घेऊन आली. नंतर वाटा फुटल्या. 61 किलो हा ऑलिंपिकचा गट नव्हे. टोकिओला रवी गेला आणि रौप्य घेऊन आला, राहुल ऑलिंपिकच्या मातीला, म्हणजे गादीला, लागलाच नाही. 2020 मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. अण्णांच्या वहीत राहुलचं पान सगळ्यांत भरलेलं आहे.

हलक्या वजनाच्या पोरांचं दुखणं त्यांना राहुलमुळं नीट समजलं. महाराष्ट्र केसरीची लढत 86 ते 125 किलोंच्या गटात होते. मातीवरचा विजेता आणि गादीवरचा विजेता अंतिम फेरीत भिडतात, चांदीची गदा मिळते, हत्तीवरून मिरवणूक निघते. 57 किलोचा पोरगा कितीही चपळ असो, त्या गदेपर्यंत तो पोचूच शकत नाही. जत्रेतही मोठं इनाम भरल्या अंगालाच. म्हणून गावाला देशाचा हलका पैलवान माहीत नसतो आणि तालुक्याचा जड पैलवान माहीत असतो. अण्णा याला सरळ अन्याय म्हणतात. दुपारच्या कुस्त्यांत ते बारीक पोरांची नावं जास्त लिहितात, यामागं हेच कारण.

गदेचा मोह त्यांनाही आहेच. 7 जानेवारी 2020 ला बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली. एका बाजूला नाशिकचा हर्षवर्धन सदगीर, दुसऱ्या बाजूला लातूरचा शैलेश शेळके. दोघंही काका पवारांचे पठ्ठे. हर्षवर्धन 3–2 असा जिंकला आणि त्यानं हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. राज्यभर त्या फोटोचं कौतुक झालं. नांदेडला टीव्हीसमोर बसलेल्या अण्णांना कौतुक वाटलं आणि राग पण आला, एका गुणानं गदा गेली म्हणून. 2023 च्या नोव्हेंबरात तर महाराष्ट्र केसरीची स्पर्धा शेजारी धाराशिवलाच आली. तिथं शिवराज राक्षेनं सदगीरला हरवलं, तेव्हा अण्णा मैदानात होते. पुन्हा दोन्हीकडं पवारांचेच पठ्ठे.

वहीतली बाकीची नावं कुणाच्या कानावर गेलेली नाहीत. एक जण पोलिसात आहे. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, आणि बहुतेक पैलवानांच्या घरचा खरा हिशेब तोच असतो. एकाचा गुडघा गेला, तो आता ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर चालवतो. एक अहमदपूरकडचा पोरगा तालीम सोडून परत आला आणि गावातच संध्याकाळी पोरांकडून जोर-बैठका काढून घेतो. अण्णांच्या मते तो राज्याला खेळला असता. त्याला स्वतःला तसं काही वाटत नाही. त्याच्याकडं शिकणाऱ्यांत आता पोरीही आहेत. 2023 च्या मार्चमध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली, सांगलीचीच प्रतीक्षा बागडी जिंकली, आणि जत्रेत पोरींच्या कुस्त्या लावायला कुरकुरणारे पंच जरा नरमले. अण्णांच्या वहीतही पोरींची नावं वाढायला लागली.

या सगळ्या पानांत नापास कुणी नाही. दहाव्या वर्षी दिसलेला डाव विसाव्या वर्षी टिकत नाही, याला खुराक, दुखापत, भरती, लग्न, पाऊस अशी शंभर कारणं असतात, आणि त्यांतलं एखादंच त्या पोराच्या हातातलं असतं. बिराजदार आणि पवार मोठे झाले, म्हणून त्यांच्या मागं पोरांना जायला जागा झाली. पण ती जागा पुण्यात आहे. जत्रेतल्या रेवडीपासून पुण्याच्या तालमीपर्यंत मधली पायरी नांदेडला नाही, लातूरला अपुरी आहे, आणि गळती नेमकी तिथंच होते.

अण्णा अलीकडं ओळखीच्या यात्रा कमिट्यांना एकच गोष्ट सांगत फिरतात. शेवटच्या कुस्तीचं इनाम दरवर्षी वाढवता, कारण त्यावर देणगीदाराचं नाव येतं. ते एक वर्ष आहे तेवढंच ठेवा. वाढीची रक्कम दुपारच्या कुस्त्यांतल्या चार चांगल्या पोरांच्या वर्षभराच्या दुधासाठी द्या, आणि हवं तर देणगीदाराचं नाव त्या पोरांच्या फ्लेक्सवर लावा. अजून कुठल्या कमिटीनं ते मनावर घेतलेलं नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी आपल्या गावच्या जत्रेच्या कमिटीवर असेल, तर पुढच्या बैठकीत हा विषय मांडावा.