सव्वापट

इंदूरहून आग्रा-मुंबई रस्त्याने निघालं, महू मागे पडलं की मानपूर येतं. माळव्याचं पठार इथे संपतं. पुढे घाट उतरला की निमाड, नर्मदा आणि अंगावर येणारा उकाडा. माझं वर्कशॉप इंदूरात आहे, पण हातून गेलेल्या प्रत्येक गाडीची परीक्षा मी मानपूरलाच घेतो. जवळच पीथमपूरला नॅट्रॅक्सचा 11.3 किलोमीटरचा अतिवेगवान ट्रॅक आहे, 2021 साली सुरू झालेला. वेग मोजायला तो उत्तम. मला मात्र जानापावच्या टेकडीची वळणं लागतात, गावातला उखडलेला डांबरी तुकडा लागतो आणि ब्रेक दाबून उतरायचा घाट लागतो. तिन्ही मानपूरच्या आसपास, एका सकाळीत होतात.

मी शॉकअप बांधतो. ‘शॉक अ‍ॅब्सॉर्बर’ हा शब्द फक्त बिलावर येतो. आणि गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘काका, चांगल्यातला शॉकअप सांगा, पैशाचं बघू.’ माझा पहिला प्रश्नही ठरलेला: ‘वजन किती?’ यावर माणूस गाडीचं वजन सांगतो. मी त्याचं विचारत असतो. हेल्मेट, जॅकेट, बूट घालून, पाठीवर बॅग असेल तर तीही धरून. कोपऱ्यात वजनकाटा ठेवलाय. त्यावर चढताना भलेभले पोट आत घेतात. काट्याला त्याने काही फरक पडत नाही.

शॉकअप म्हणजे एकाच नळकांड्यावर संसार करणारी दोन माणसं. बाहेरची स्प्रिंग भार उचलते आणि आतला तेलाचा दट्ट्या त्या स्प्रिंगला आवरतो. स्प्रिंग दाबलेली ऊर्जा जशीच्या तशी परत करते, म्हणून ती एकटी असती तर गाडी खड्ड्यानंतर नाचतच राहिली असती. दट्ट्या तेलाला बारीक भोकांतून ढकलतो आणि त्या ऊर्जेची उष्णता करून टाकतो. महागड्या शॉकअपचे पैसे बहुतेक या दट्ट्यासाठी असतात. पण भार चुकीच्या स्प्रिंगवर असेल तर जगातला उत्तम दट्ट्याही तिची चूक झाकू शकत नाही. म्हणून आधी स्प्रिंग.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एक तरुण हिमालयन मोटरसायकल घेऊन आला. 411 सीसीची, मागच्या चाकाला 180 मिलिमीटर चाल असलेली. तो स्वतः अंगभर कपड्यांसह 92 किलो, मागे कॅरिअरवर 20 किलोचं सामान. मांडूला जाऊन आला होता आणि तक्रार होती की गाडी मागून बसते, वळणात रुंद पळते. मी टेपने मोजलं. पद्धत सोपी आहे, घरीही जमते. मागचं चाक अधांतरी असताना आसापासून वर सरळ रेषेत शेपटावरच्या एका खुणेपर्यंतचं अंतर घ्यायचं. मग गाडी स्वतःच्या वजनावर उभी करून तेच, आणि मग माणूस-सामानासह तेच. पहिल्यातून पुढची दोन वजा केली की गाडी किती बसते ते कळतं. याची नुसती गाडी 31 मिलिमीटर बसत होती, माणसासह 85. म्हणजे निम्मी चाल खड्डा येण्याआधीच संपलेली. माणूस बसल्यावर चालीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी, म्हणजे इथे साठच्या आसपास, गाडी बसावी असा आमच्या धंद्यातला दंडक आहे.

त्याला वाटलं, वरची रिंग आवळली की झालं. बरं, आवळू. आकड्याचा पाना लावून रिंग आवळत नेली आणि पुन्हा मोजलं: माणसासह बरोबर 60. पठ्ठ्या खूश. मी त्याला नुसत्या गाडीचा आकडा दाखवला. 31 चे 6 झाले होते.

आता वजाबाकी करा. आधी 85 उणे 31, म्हणजे 54. नंतर 60 उणे 6, पुन्हा 54. रिंग आवळल्याने गाडी 25 मिलिमीटर वर उचलली गेली, स्प्रिंग कणभरही कडक झाली नाही. तेवढ्याच वजनाला ती तेवढीच दबते. रिंग आवळून स्प्रिंग कडक होते ही आपल्याकडच्या गॅरेजांतली सर्वांत चिवट समजूत आहे. स्प्लेंडरच्या पाच पायऱ्यांबद्दलही लोक हेच मानतात. त्या पायऱ्या उंची सावरतात, कडकपणा नाही.

याचाच पुढचा भाग अनेक मेकॅनिकांनाही उलटा वाटतो. माणसासह गाडी योग्य बसते, पण एकटी जवळजवळ बसतच नाही; तर स्प्रिंग कडक आहे असं वाटतं ना? ती नरम आहे. नरम असल्यामुळेच रिंग इतकी आवळावी लागली. आणि एकटी गाडी फार बसत असेल तर स्प्रिंग कडक आहे. त्या 6 मिलिमीटरचा त्रास घाटात कळतो. ब्रेक लागून वजन पुढे गेलं की मागचं चाक हलकं होतं, आणि खड्ड्यात खाली उतरायला त्याच्याकडे चालच उरलेली नसते. चाक जमीन सोडतं.

मला हवे होते नुसत्या गाडीचे 15 आणि माणसासह 58, म्हणजे फरक 43. चोपन्न भागिले त्रेचाळीस: सव्वापट. हाच त्याच्या नव्या स्प्रिंगचा हिशेब. कॅटलॉग नंतर उघडला.

सव्वापट म्हणजे केवढी जाड तार? इथे निसर्ग फसवतो. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढतो, वेटोळ्याच्या व्यासाच्या तिसऱ्या घातात घटतो आणि वेटोळ्यांच्या संख्येने भागला जातो. 7 मिलिमीटरची तार, 50 चा व्यास, 12 वेटोळी घेतली तर ती मिलिमीटरभर दाबायला साधारण 1.6 किलो लागतात. तार फक्त साडेसात करा, बाकी तेच ठेवा: कडकपणा जवळजवळ एक तृतीयांशाने वाढतो. अर्धा मिलिमीटर डोळ्याला दिसतही नाही, म्हणून ‘बघून तर तशीच वाटते’ असं म्हणून स्प्रिंग घेऊ नये. आणि गाडी ‘बसवायला’ स्प्रिंगचं एक वेटोळं कापणारे जे शूर असतात, त्यांच्या लक्षात येत नाही की वेटोळी कमी झाली म्हणजे स्प्रिंग अधिक कडक झाली. गाडी बुटकी होते आणि वर मणका मोडते.

एकाच शॉकअपच्या गाड्यांत आणखी एक गंमत आहे. तिथे चिमट्याची तरफ असते. चाक तीन मिलिमीटर वर गेलं की शॉकअप एकच मिलिमीटर दबतो असं धरलं, तर चाकाला जाणवणारा कडकपणा स्प्रिंगच्या तिसरा नव्हे, नववा हिस्सा असतो. म्हणून ती स्प्रिंग इतकी राक्षसी दिसते, आणि म्हणूनच एका गाडीची दुसरीला ‘बसते’ म्हणून लावणं हा जुगार आहे. हा एकच शॉकअप आला तो मोटोक्रॉसमधून. लुसियाँ तिल्केन्स या बेल्जियन अभियंत्याची कल्पना यामाहाने उचलली आणि 1973 साली हाकान आंदेरसॉनने त्यावर 250 सीसीचं विश्वविजेतेपद जिंकलं. आज ती दीडशे सीसीवर कॉलेजला जाते.

स्प्रिंग बदलली की दट्ट्याही बदलावा लागतो, हे गिऱ्हाइकाला पटवणं जड जातं. सव्वापट स्प्रिंग जास्त जोराने परत उसळते. तिला आवरायला साधारण 12 टक्के जास्त आवर लागतो. कंपनीचा शॉकअप बहुधा दाबून बंद केलेला, उघडत नाही. त्यामुळे घेताना मी ब्रँडआधी दोनच गोष्टी बघतो: तो उघडून दुरुस्त होतो का आणि परतीचा आवर फिरवता येतो का. नायट्रोजनचा दाब असावा, कारण तेल तापून फेसाळलं की दट्ट्या फेसातून नुसता सरकतो. लांबी मात्र कंपनीचीच. इंचभर लांब शॉकअप लावून उंच दिसणाऱ्या गाड्यांचं हँडल चंचल होतं, साइड स्टँडवर त्या दारुड्यासारख्या झुकतात.

हिमालयनवाला नवी स्प्रिंग लागल्यावर घाट उतरून वर आला आणि काहीच बोलला नाही. माझ्या धंद्यात हीच पावती.

कंपनीला दोष देणाऱ्यांत मी नाही. वाळूजच्या एंड्युरन्ससारख्या कारखान्यात शॉकअप बनतो तेव्हा त्यावर कोण बसणार हे कुणाला ठाऊक असतं? पंचावन्न किलोची कारकून की तिघांचं कुटुंब? बजाजने सीटी 100 ला स्प्रिंगमध्ये स्प्रिंग घातली ती याच पेचावर.

तो पेच मला खरा समजला मानपूरच्या एका दूधवाल्याकडून. जुनी सीटी 100, दोन्हीकडे चाळीस-चाळीस लिटरचे कॅन. दुधाचेच ब्याऐंशी किलो, वर कॅनचं लोखंड, वर तो. गाडीच्या मर्यादेबाहेरचं हे ओझं, तसं मी त्याला सांगितलंही. त्याने ते पावसाबद्दल ऐकावं तसं ऐकलं. माझी अडचण वेगळी होती. सकाळी भरलेला, दुपारी रिकामा, मग स्प्रिंग कुठल्या वजनाची निवडायची? भरलेल्याची निवडली तर परतताना गाडी दगडासारखी आपटणार. मी कागदावर आकडे मांडत बसलो. तो बिडी विझवून म्हणाला, ‘भिया, भरलेल्याची लाव. येताना मी कॅनमध्ये थोडं पाणी भरून आणतो, गाडी उडत नाही.’

मी मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

‘येताना, भिया,’ तो म्हणाला. ‘जाताना नाही.’