छत काढलेली हेराल्ड

जुन्या मोटारींसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटून गेलेली गाडी आता ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. अट मात्र कडक आहे. गाडी मूळ रूपात हवी; चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नको. आमची स्टँडर्ड हेराल्ड वयाने केव्हाच पात्र झाली, पण या व्याख्येत ती बसत नाही. तिचं छत काढलेलं आहे, इंजिन मारुती जिप्सीचं आहे आणि मागचे कमानपाटे यवतमाळातल्या एका कारागिराने ठोकून उतरवलेले आहेत. नियमाशी माझं भांडण नाही. गाड्या मूळ रूपात जपणाऱ्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण बदललेल्या गाडीची बाजूही कुणीतरी मांडायला हवी, आणि ती मला आतून माहीत आहे.

बाबा डॉक्टर. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ही १९६४ची गाडी नागपूरहून जुनीच घेतली. नव्या गाडीसाठी पैसे भरून वर्षानुवर्षं वाट पाहायचा तो काळ. ॲम्बेसेडर, फियाट आणि हेराल्ड, एवढीच निवड. हेराल्ड मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सची, १९६१पासून निघणारी. मूळ गाडी इंग्लंडची, १९५९ सालची ट्रायम्फ हेराल्ड. तिचा आकार इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्तींनी रेखाटलेला. तिच्या मागच्या पंखांच्या कडा आजही डोळ्यांत भरतात.

दारं दोनच. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून, अंग चोरून आत शिरायचं. आजीला ते कधीच पसंत पडलं नाही. घाटंजी रोडवरच्या एखाद्या गावातून अडलेली बाळंतीण आणायची वेळ आली की तिला पुढे बसवून सोबतच्या बाया मागे कोंबल्या जायच्या. पण गाडीचा एक गुण असा की बाबा तिला सोडायला तयार नसत. पुढची चाकं इतकी वळायची की २५ फुटांच्या घेरात गाडी पूर्ण फिरे. गावातल्या बोळात बैलगाडी आडवी आली तरी बाबा एका दमात गाडी वळवून दुसऱ्या वाटेने निघत.

आम्हा पोरांना आवडायचं ते बॉनेट. हेराल्डचं बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलटतं आणि अख्खं इंजिन, पुढची चाकं, स्टिअरिंग सगळं उघडं पडतं. मिस्त्री चक्क पुढच्या चाकावर बसून काम करतो. गाडी अशी का, हे मला पुष्कळ नंतर वाचून कळलं. ट्रायम्फवाल्यांना बॉड्या पुरवणारी फिशर अँड लडलो ही कंपनी त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांनी विकत घेतली. एकसंध बॉडी मिळण्याचा मार्ग बंद झाला, तेव्हा त्यांनी स्वतंत्र चासी घेतली आणि वेगवेगळ्या ठिकाणी बनलेले बॉडीचे भाग तिच्यावर नटबोल्टांनी जोडले. छतसुद्धा बोल्टांवरच. इंग्लंडमधल्या धंद्याच्या त्या अडचणीमुळे यवतमाळच्या मिस्त्रीला पान्याने उघडता येईल अशी गाडी मिळाली.

त्या मिस्त्रींना सगळे चाचा म्हणत. आर्णी रोडला त्यांचं टिनाच्या शेडचं गॅरेज होतं. शिक्षण जेमतेम, पण हेराल्डच्या पुढच्या चाकाच्या ट्रनियनला, म्हणजे ते चाक ज्या सांध्यावर वळतं त्याला, ग्रीस भरायचं नाही, गिअर ऑइलच घालायचं, हे त्यांना ठाऊक होतं. एरवी इतर गाड्यांच्या सवयीने तिथे ग्रीसच भरलं जाई. मग ट्रनियन झिजून तुटे आणि चाक बाहेर वळून गाडी जागच्या जागी बसे. चाचांच्या हाताखाली आमच्या गाडीवर ती पाळी कधी आली नाही.

पुढे मद्रासची कंपनीच बसली. १९८८मध्ये गाड्या निघणं थांबलं आणि हळूहळू सुटे भागही मिळेनासे झाले. एका उन्हाळ्यात इंजिनाच्या ब्लॉकलाच तडा गेला. बाबांनी मारुती घेतली आणि हेराल्ड वाड्यातल्या कडुनिंबाखाली उभी राहिली. टायर बसले, सीटमध्ये मुंगसाने घर केलं. भंगारवाला दोनदा येऊन भाव सांगून गेला.

तिला वाचवलं दादाने आणि एका जुन्या अमेरिकन मासिकाने. इंजिनिअरिंगला नागपूरला असताना सीताबर्डीच्या फुटपाथवर त्याला ते मिळालं होतं. त्यात एक दोन दारांची फोर्ड कूप होती, १९४९ची. छत कापून खाली आणलेलं, गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली, आत भलतंच मोठं इंजिन. अशा गाडीला तिकडे हॉट रॉड म्हणतात. कॅलिफोर्नियातली पोरं तिसच्या दशकापासून कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट तळावर जुन्या गाड्या पळवत होती. १९३२मध्ये फोर्डने सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत व्ही-८ इंजिन दिलं आणि त्या वेडाला जोर चढला. महायुद्धानंतर सैन्यातून परतलेल्या तरुणांच्या हाती विमानं आणि ट्रक दुरुस्त करण्याचं कसब होतं, खिशात पैसा बेताचा होता आणि भंगारात जुन्या फोर्ड पडलेल्या होत्या. जानेवारी १९४८मध्ये ‘हॉट रॉड’ नावाचं मासिकच निघालं. पुढे त्यातून मोठा धंदा उभा राहिला, पण मुळात ती गरिबाघरची कला होती. मिळेल त्या गाडीत मिळेल ते इंजिन बसवायचं, नको ते वजन काढून टाकायचं. आपल्याकडेही मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या विमानतळावर फियाट आणि हेराल्ड अशाच हलक्या करून, इंजिनं घासूनपुसून शर्यतीत उतरवल्या जात.

दादाने मासिक चाचांपुढे धरलं. त्यांनी चित्र बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “इंजिन बसवनं सोपं हाय बाबू, गाडी थांबवनं कठीन. आधी ब्रेक पाहू.”

म्हणून काम ब्रेकपासून सुरू झालं. मूळ गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. पुढे डिस्क बसवायच्या तर त्यांचे ब्रॅकेट कुठेच मिळणार नव्हते; चाचांनी पुठ्ठ्यावर माप काढलं आणि लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका अबोल माणसाकडून लेथवर करून आणले. मग इंजिन. अपघातात चेपलेल्या एका जिप्सीचं १२९८ सीसीचं इंजिन मिळालं. मूळ इंजिन ९४८ सीसीचं, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आत. जिप्सीच निवडली याला कारण होतं. तिचा गिअरबॉक्स आणि चारही चाकांना ताकद वाटणारा डबा वेगवेगळे असतात. तो डबा वगळला की गिअरबॉक्समधून सरळ मागच्या चाकांकडे शाफ्ट नेता येतो. तो शाफ्ट कापून, लेथवर सरळ धरून वेल्ड केला. केसभर वाकडा राहिला असता तर वेगात सगळी गाडी थरथरली असती. दोनदा जोडलेला शाफ्ट चाचांनी स्वतःच नापसंत करून पुन्हा कापला, हे मी पाहिलं आहे.

सगळ्यात विचाराचं काम मागच्या कमानीचं होतं. हेराल्डला मागे एकच आडवी कमान, आणि चाकांचे एक्सल मधल्या डिफरन्शियलपासून पंखांसारखे वरखाली हलतात. जोरात वळताना मागचा भाग उचलला जाऊन बाहेरचं चाक आत दुमडू पाहतं. ताकद वाढवली की धोका वाढला. उपाय एकच, गाडी मागून खाली आणायची, म्हणजे चाकं वरच्या बाजूने आत झुकलेली राहतात आणि दुमडत नाहीत. पाटे तापवायचे नाहीत, तापवले तर त्यांचं पाणी उतरतं; म्हणून कारागिराने ते थंडच ठोकले. चित्रातली गाडी इतकी खाली का, असा मला प्रश्न पडायचा, त्याचं एक उत्तर इथे मिळालं. आमच्या गाडीचं खाली असणं हे नटणं नव्हतं, तो तिच्या सुरक्षिततेचा भाग होता.

छत शेवटी काढलं. बोल्ट गंजलेले, तेल पाजून पाजून सुटले. बाबा ओसरीवर बसून पाहत होते. काही बोलले नाहीत, पण छत उतरल्यावर उठून आले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. उभ्यानेच आत शिरून, अंग न चोरता.

तेव्हा मंजुरी घेऊन असे बदल आरसीबुकात नोंदवता येत, आणि दादाने ते रीतसर केलं. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमात २००० साली दुरुस्ती झाली, आणि २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही. आज कुणी असं करू नये. रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, आणि सगळ्याच गॅरेजात आधी ब्रेक पाहणारे चाचा नसतात.

ही गाडी मी चालवते. थंडीत, सकाळी, कळंबपर्यंत. चिंतामणीचं दर्शन घेऊन परत. सागाच्या झाडांमधून वारा थेट अंगावर येतो, आणि तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज भरून येतो तेव्हा मला चाचा, दादा, लेथवरचा तो अबोल माणूस, सगळे त्यात ऐकू येतात. या गावाला यंत्रं जगवायची जुनी सवय आहे. इथून मूर्तिजापूरला जायची त्या ‘शकुंतला’ रेल्वेगाडीचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं. १९९४मध्ये डिझेल इंजिन येईपर्यंत ते इथल्या माणसांनी चालतं ठेवलं.

अलीकडे पुण्याच्या एका संग्राहकांनी गाडी मागितली. त्यांच्याकडे मूळ इंजिन आहे, छत आहे, आकाशी रंगाचा मूळ क्रमांकही आहे. गाडी पुन्हा १९६४ची करून देऊ म्हणाले. सज्जन माणूस, प्रेमाने बोलत होते. मी नाही म्हटलं. १९६४च्या हेराल्ड जगात आणखी पुष्कळ आहेत. पुठ्ठ्यावर काढलेल्या मापाची, थंड ठोकलेल्या पाट्यांची ही एकच आहे, आणि ती मूळ रूपात आणायची म्हणजे आमच्या गावच्या चार कारागिरांचं काम पुसून टाकायचं.

चाचा गेले. गॅरेजच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. त्यांच्या हातचं कुठलंही काम कुठल्याही कागदावर नव्हतं, म्हणून मी दादाला बसवून सगळं लिहून घेतलं: कुठला भाग कोणी केला, कुठून आणला, का केला. ती वही आरसीबुकासोबत ठेवली आहे.

विदर्भातल्या वाड्यांत, गोठ्यांत अशा बदललेल्या जीपा, फियाट, हेराल्ड अजून उभ्या आहेत. तुमच्याकडे असेल तर भंगारात देण्याआधी, किंवा मूळ रूपात आणायला पाठवण्याआधी, तिच्यावर काम केलेला मिस्त्री हयात असेल तर त्याच्याकडे जा. वही सोबत न्या आणि त्याचं नाव पहिल्या पानावर लिहा.