लोणी ते वळिवडे : पोलिश शब्दांच्या वाटेने

पोलिश भाषेत ‘ताक’ म्हणजे ‘हो’ आणि ‘नो’ म्हणजे ‘हं, बरोबर’. इंग्रजी बोलणाऱ्याच्या कानी हा ‘नो’ पडला की त्याला तो नकार वाटतो. समोरचा पोलिश माणूस मात्र होकाराची मान हलवत असतो. आंबेगाव तालुक्यातल्या लोणीत कुणी ‘ताक, ताक’ म्हणालं, तर घरातली बाई तांब्या भरून आणेल.

लोणीहून मंचर, तिथून पुणे आणि पुढे सातारा-कराड करत कोल्हापूर, हा रस्ता मराठी माणसाला पाठ आहे. कोल्हापूरच्या शेजारी वळिवडे आहे. महाराष्ट्रात पोलिश भाषा नांदली ती तिथे. म्हणून या शब्दांचा मागोवा घेत आम्ही वळिवड्याला निघालो.

पोलिश आणि इंग्रजीची लिपी रोमन, त्यामुळे घोटाळे आधी डोळ्यांना होतात. बी-यू-टी ही अक्षरं इंग्रजीत ‘पण’ सांगतात. पोलिशमध्ये त्यांचा उच्चार ‘बुट’ आणि अर्थही पायातला बूट. इथे मराठी माणूस इंग्रजाच्या आधी बरोबर उत्तर देईल. ‘फार्ट’ म्हणजे पोलिशमध्ये नशीब, इंग्रजीत पाद. जॅममध्ये टिकाऊपणासाठी घातलेला पदार्थ इंग्रजीत प्रिझर्व्हेटिव्ह. त्याच घडणीचा पोलिश ‘प्रेझेर्वातिवा’ म्हणजे निरोध. जेवणाच्या टेबलावर हा शब्द निघाला की पाहुण्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

आयर्लंडमधला प्रकार सगळ्यांत बहारीचा. तिथल्या पोलिसांच्या नोंदींत ‘प्रावो याझ्दी’ नावाचा एक पोलिश चालक वाहतुकीचे नियम मोडताना पन्नासाहून अधिक वेळा सापडला होता आणि दर वेळी त्याचा पत्ता वेगळा होता. पुढे उलगडा झाला, की ‘प्रावो याझ्दी’ म्हणजे वाहन चालवण्याचा परवाना. परवान्यावर ठळक छापलेला मथळाच हवालदारांनी नाव म्हणून उतरवून घेतला होता. 2009 साली आयरिश पोलिसांना याबद्दल साहित्याचं ‘इग नोबेल’ हे गमतीचं पारितोषिक मिळालं.

मोठ्यांचीही यातून सुटका नाही. डिसेंबर 1977 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर वॉर्सात उतरले. आपण आज सकाळी अमेरिकेहून निघालो, असं ते म्हणाले. दुभाष्याच्या पोलिशमध्ये त्याचा अर्थ झाला, की आपण अमेरिका कायमची सोडली. पोलिश जनतेच्या भविष्याविषयीच्या इच्छांबद्दल ते बोलले, तेव्हा त्या इच्छांना कामवासनेचा रंग चढला. कान ओळखीच्या आवाजावर विसावतो आणि पुढे विचारायचं राहून जातं. या सगळ्या गमतींचं मूळ तिथेच आहे.

मिरज-कोल्हापूर लोहमार्गावर वळिवडे हे लहानसं स्थानक आहे. सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून सैबेरिया-कझाकस्तानात हाकललेली हजारो माणसं 1941 नंतर सुटली आणि इराणमार्गे बाहेर पडली. त्यांतल्या सुमारे पाच हजारांना, मुख्यतः बायका-मुलांना, कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला आसरा मिळाला. 1943 पासून 1948 पर्यंत इथे त्यांच्या शाळा, चर्च आणि दवाखाना होता. रस्त्यावर पोलिश, सरकारदरबारी इंग्रजी आणि बाजारात मराठी, अशा तीन भाषा तिथे एकत्र आल्या.

मराठी कानाला तिथे किती चकवे असतील, ते शब्दांवरूनच कळतं. पोलिश ‘पानी’ म्हणजे बाईसाहेब. तहानलेल्याने ‘पाणी’ म्हटलं, तर पोलिश बाईला ती आपल्याला मारलेली हाक वाटावी. ‘तू’ म्हणजे इथे. पण काही शब्द खरोखरच्या नात्यातले आहेत : ‘प्येंच’ म्हणजे पाच, ‘ओगिएन्य’ म्हणजे अग्नी. साखरेला पोलिशमध्ये ‘त्सुकेर’ म्हणतात. संस्कृत शर्कराच अरबांच्या आणि युरोपच्या वाटेने तिकडे पोचली आहे. बाजारातल्या दुकानदाराला आणि त्या बायकांना हे नातं ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, तरी साखर आपल्याच घरची होती.

पोलिश लोक गेल्यावर फाळणीतून आलेले सिंधी निर्वासित इथे वसले आणि त्या वसाहतीचं गांधीनगर झालं. सप्टेंबर 2019 मध्ये वळिवड्याच्या या पोलिश छावणीत बालपण गेलेले काही वृद्ध पोलिश नागरिक कोल्हापूरला पुन्हा आले होते. शहरातल्या महावीर उद्यानात छावणीतल्या पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभ आहे. जुन्नर-आंबेगावातून अंबाबाईच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी तो स्तंभ पाहावा आणि परतण्याआधी अर्धा दिवस वळिवड्यासाठी राखावा.